नवी सिस्टीम टाकण्याआधी एसएसडी नीट कशी पुसायची

पुसायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवा: पुसून झाल्यावर ही एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपांवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) कोणाच्या हातात राहणार? तुमच्याच मशीनमध्ये राहणार असेल आणि जुनी विंडोज काढून नवी टाकायची एवढंच काम असेल, तर इन्स्टॉलरमध्ये जुनी पार्टिशनं (ड्राइव्हचे पाडलेले भाग) उडवली की झालं. पाच मिनिटांचं काम आहे. पण मशीन विकायचं असेल, कोणाला द्यायचं असेल किंवा वापरलेली ड्राइव्ह विकत आणून त्यावर सिस्टीम टाकायची असेल, तर ड्राइव्हच्या आत बसवलेला तिचा स्वतःचा पुसण्याचा आदेश वापरायला हवा. (मशीन ऑफिसचं असेल तर आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. पुसायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं असतं.) शून्यं भरणारी सॉफ्टवेअर, तीनदा लिहा, सातदा लिहा, पस्तीसदा लिहा, हे सगळं फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कच्या काळातलं आहे. एसएसडीवर त्याची गरजही नाही आणि त्याने काम पूर्णही होत नाही.

आत काय घडतं

हार्ड डिस्कवर एखाद्या जागी नवं लिहिलं की जुनं त्याच जागी खोडलं जातं. एसएसडीच्या चिपांत, म्हणजे फ्लॅश मेमरीत, तसं होत नाही. तिथे लिहायचं ते पानापानाने, एक पान साधारण ४ ते १६ केबीचं. पुसायचं मात्र अख्खा ब्लॉक, आणि एका ब्लॉकमध्ये अशी शेकडो पानं. भरलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. तुम्ही एखादं पत्र उघडलंत, एक ओळ बदललीत आणि सेव्ह केलंत, की ड्राइव्हचा कंट्रोलर (तिच्या आतली कारभार पाहणारी चिप) नवी प्रत दुसऱ्याच कोऱ्या पानावर लिहितो, आपल्या नकाशात पत्राचा नवा पत्ता नोंदवतो आणि जुनं पान रद्द ठरवतो. त्या रद्द पानावर जुना मजकूर जसाच्या तसा बसलेला असतो, तो ब्लॉक साफ करायची पाळी येईपर्यंत.

शिवाय प्रत्येक ड्राइव्हवर काही जागा राखीव असते. ती ऑपरेटिंग सिस्टीमला दिसतच नाही. २५६ जीबी म्हणून विकलेल्या ड्राइव्हवर चिपा बहुधा २५६ गिबीबाइटच्या (हजाराऐवजी १०२४ च्या पटीत मोजलेलं, थोडं मोठं एकक) असतात. दोन मोजमापांतला हा फरकच सात टक्क्यांच्या घरात जातो. बाहेरून कितीही शून्यं ओता, या राखीव जागेत काय आहे आणि तिथवर तुमचं शून्य पोचलं का, हे फक्त कंट्रोलरला ठाऊक.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासून पाहिलं. ड्राइव्ह पुसल्या आणि मग त्यांच्या चिपा थेट वाचल्या. एकेक फाइल ओव्हरराइट करून पुसणाऱ्या सगळ्या पद्धती नापास ठरल्या. अख्खी ड्राइव्ह दोनदा भरून काढणं बहुतेक वेळा चाललं, पण नेहमी नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची: ड्राइव्हचा स्वतःचा पुसण्याचा आदेशही सगळ्यांनी नीट पाळला नव्हता. एका ड्राइव्हने तर 'काम झालं' असं कळवलं आणि डेटा मात्र तसाच होता. म्हणून पुसल्यावर पडताळणी करायचीच. ती कशी, ते पुढे आहे.

एक भीती मात्र अवाजवी आहे. 'एकदा सगळी ड्राइव्ह शून्याने भरली की एसएसडी मेली' असं ऐकायला मिळतं, ते खरं नाही. ५०० जीबीच्या साध्या ड्राइव्हला उत्पादक बऱ्याचदा ३०० टीबी लिखाणाची हमी देतात. एक पूर्ण फेरी म्हणजे अर्धा टीबी, म्हणजे त्या आयुष्याचा सहाशेवा भाग. पस्तीस फेऱ्या केल्यात तर साडेसतरा टीबी, जवळजवळ सहा टक्के आयुष्य फुकट. एक फेरी चुकून झाली तर घाबरू नका, पस्तीस फेऱ्यांचं बटण मात्र दाबू नका.

ट्रिम आणि क्विक फॉरमॅट

विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फाइल डिलीट केली किंवा पार्टिशन फॉरमॅट केलं की विंडोज ड्राइव्हला 'ही जागा आता मला नको' असं कळवते. यालाच ट्रिम म्हणतात. ट्रिम मिळाल्यावर बहुतेक ड्राइव्ह त्या जागी शून्यंच दाखवतात आणि ब्लॉक सवडीने साफ करतात. त्यामुळे लॅपटॉपच्या आत बसलेल्या एसएसडीवर क्विक फॉरमॅट केल्यावर साधं रिकव्हरी सॉफ्टवेअर सहसा रिकाम्या हाताने परत येतं. घरच्या घरी सिस्टीम बदलणाऱ्याला एवढं पुरे.

पण हे 'सहसा' आहे. एकदा माझ्या हाती एक वापरलेली एसएसडी आली. आधीच्या मालकाने ती जुन्या यूएसबी केसमध्ये घालून फॉरमॅट केली होती. विंडोजमध्ये ती कोरी करकरीत दिसत होती. खात्री करावी म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं आणि दहाव्या मिनिटाला लघुचित्रं दिसू लागली: एका लहान मुलीचा वाढदिवस, कुठल्याशा अर्जासोबतचा ओळखपत्राचा स्कॅन. नावं गेली होती, चित्रं पूर्ण होती. त्या केसमधून ट्रिम पलीकडे जातच नव्हतं, त्यामुळे फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका फाडली होती आणि पुस्तक शाबूत होतं. मी ते तिथेच थांबवलं आणि ड्राइव्ह नीट पुसली. तेव्हापासून माझा नियम आहे: पुसायची ड्राइव्ह थेट मदरबोर्डला जोडायची, यूएसबीवरून नाही. बऱ्याच यूएसबी केस सिक्युअर इरेजचा, म्हणजे ड्राइव्हच्या स्वतःच्या पुसण्याचा, आदेशही पुढे जाऊ देत नाहीत.

हात लावण्याआधी

बॅकअप घ्या म्हणून सगळेच सांगतात. डॉक्युमेंट्स आणि फोटो कोणी विसरत नाही. विसरतं ते इतर सगळं: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, डेस्कटॉपवर सांडलेल्या फाइली, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा जो थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी एखाद्या फोल्डरमध्ये असतो, आउटलुकची पीएसटी फाइल, डिजिटल सहीचं प्रमाणपत्र. बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या, ती काढा, दुसऱ्या मशीनला लावा आणि चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

मग किल्ल्या. विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा डेटा ठेवण्याची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कुठे आहे ते पाहा. जी ड्राइव्ह पुसायची तिची की नंतर लागत नाही, पण त्याच मशीनमध्ये दुसरी एन्क्रिप्ट केलेली ड्राइव्ह असेल तर लागते, आणि ती की पुसल्या जाणाऱ्या ड्राइव्हवरच एखाद्या टेक्स्ट फाइलमध्ये पडलेली असू शकते. विंडोजचं डिजिटल लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेलं असतं, त्यामुळे तीच आवृत्ती परत टाकल्यास इंटरनेट जोडताच ती आपोआप सक्रिय होते. सशुल्क सॉफ्टवेअरचं तसं नसतं. जिथे 'या संगणकावरचं लायसन्स सोडा' असा पर्याय असतो, तिथे तो आधी वापरा.

आता ज्या पायरीवर मी स्वतः ठेच खाल्ली आहे ती पायरी. माझ्या मशीनमध्ये एकाच क्षमतेच्या, एकाच मॉडेलच्या दोन ड्राइव्ह होत्या. लिनक्समध्ये ड्राइव्हना मिळणारी 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं बूटगणिक बदलू शकतात, हे मला माहीत होतं. घाईत होतो म्हणून तपासलं नाही. दोन वर्षांचे फोटो गेले, ते परत आले नाहीत. तेव्हा जी पुसायची नाही ती प्रत्येक ड्राइव्ह मशीन बंद करून काढा. काढता येत नसेल तर पुसायच्या ड्राइव्हचा सीरियल नंबर कागदावर लिहा आणि आदेश देण्याआधी पडद्यावरचा नंबर त्याच्याशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. क्षमतेवरून ओळखू नका.

शेवटी ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर नव्या सिस्टीमचा इन्स्टॉलर तयार करा आणि त्यावरून मशीन बूट होतं का ते पुसण्याआधीच बघा. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा.

ड्राइव्ह तुमच्याकडेच राहणार असेल तर

पेनड्राइव्हवरून विंडोजचा इन्स्टॉलर सुरू करा. विंडोज कुठे टाकायची ते विचारणाऱ्या पडद्यावर त्या ड्राइव्हची सगळी पार्टिशनं एकेक करून डिलीट करा, छोटी रिकव्हरीची आणि ईएफआयचीसुद्धा (बूटसाठी लागणारं), म्हणजे फक्त न वाटलेली मोकळी जागा उरेल. ती निवडा आणि नेक्स्ट म्हणा. हवी ती पार्टिशनं विंडोज स्वतः बनवते.

पार्टिशन डिलीट होत नसेल किंवा डिस्कच्या मांडणीबद्दल तक्रार आली, तर तिथेच शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क' आणि तिचा क्रमांक, मग 'डिटेल डिस्क' करून मॉडेल पाहून खात्री, आणि शेवटी 'क्लीन'. (आदेश टाइप करायचे ते अर्थात इंग्रजी अक्षरांत, इथे उच्चार दिले आहेत.) 'क्लीन'ने पार्टिशनचा तक्ता जातो, काम सेकंदात होतं. 'क्लीन ऑल' मात्र सगळ्या ड्राइव्हवर शून्यं लिहीत बसतं; इथे त्याचं काही काम नाही. लिनक्स टाकणार असाल तर लाइव्ह सिस्टीममधून, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या लिनक्समधून, 'बीएलकेडिस्कार्ड' हा आदेश अख्ख्या ड्राइव्हला ट्रिम देतो, तोही क्षणात.

ड्राइव्ह हातून जाणार असेल तर

आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, शोधा. अनेक कंपन्यांच्या व्यावसायिक लॅपटॉपांत आणि बऱ्याच मदरबोर्डांत सिक्युअर इरेज, डेटा वाइप अशा नावाचा पर्याय असतो, सिक्युरिटी किंवा टूल्स मेनूत. मिळाला तर तोच वापरा, तोच सर्वांत सोपा आहे. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर हा दुसरा मार्ग; सॅमसंगचं मॅजिशियन, क्रूशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह यांत ही सोय आहे. ज्या ड्राइव्हवरून विंडोज चालू आहे ती आतून पुसता येत नाही, म्हणून मॅजिशियन वेगळा बूट होणारा पेनड्राइव्ह बनवून देतं.

दोन्ही नसतील तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह. मला हाच मार्ग आवडतो, कारण इथे ड्राइव्ह काय करते आहे ते दिसतं.

ड्राइव्ह जोडणीच्या एनव्हीएमई (नवी, वेगवान) आणि साटा (जुनी) अशा दोन पद्धती आहेत. एनव्हीएमई ड्राइव्ह असेल, बहुधा च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम डॉट टू, तर 'एनव्हीएमई-सीएलआय' हे पॅकेज लागतं. (एम डॉट टू आकारात साटा ड्राइव्हही येतात, म्हणून आकारावर जाऊ नका.) 'एनव्हीएमई लिस्ट' दिलंत की नाव, मॉडेल, सीरियल नंबर दिसतो, कागदाशी ताडून बघा. त्यानंतर 'आयडी-सीटीआरएल' हा उपआदेश उणे मोठा एच (-H) जोडून चालवा. त्यातून ड्राइव्ह फॉरमॅट, क्रिप्टो इरेज आणि सॅनिटाइझ यांपैकी काय काय जाणते ते वाचता येतं.

फॉरमॅट आदेशाला 'एसईएस' नावाचा पर्याय आहे. त्याची किंमत १ दिली तर वापरकर्त्याचा डेटा पुसला जातो. २ दिली तर ड्राइव्हच्या आतली एन्क्रिप्शनची किल्ली फेकून नवी बनवली जाते (हेच क्रिप्टो इरेज), म्हणजे चिपांवर जे उरतं ते कोणालाच न उलगडणारं. काहीच दिली नाही तर ती ० धरली जाते आणि सुरक्षित पुसणं मागितलंच जात नाही. म्हणून १ किंवा २ स्पष्ट लिहा. आदेश दिल्यावर पडद्यावर इशारा येतो आणि दहा सेकंद मोजली जातात. कंट्रोल-सी दाबून मागे फिरायची हीच शेवटची संधी. सीरियल नंबर तेवढ्यात पुन्हा एकदा पाहून घ्या. बऱ्याच ड्राइव्हवर हे काम चहाचा घोट घेण्याआधी संपतं.

सॅनिटाइझ हा त्याहून कडक आदेश. तो एनव्हीएमईच्या १.३ या आवृत्तीत २०१७ मध्ये आला. तो फक्त दिसणाऱ्या जागेपुरता थांबत नाही; कॅशसकट ड्राइव्हवरच्या सगळ्या डेटावर चालतो. एकदा सुरू झाला की मागे फिरता येत नाही: मध्ये वीज गेली तरी ड्राइव्ह परत चालू झाल्यावर उरलेलं काम पुढे करते. 'सॅनिटाइझ' उपआदेशाला कृतीचा आकडा द्यायचा: ब्लॉक इरेजसाठी २, क्रिप्टो इरेजसाठी ४. मग 'सॅनिटाइझ-लॉग' चालवून प्रगती बघायची. प्रगतीचा आकडा ६५५३५ वर येऊन थांबला आणि स्थितीत यश दिसलं की झालं. ड्राइव्हला सॅनिटाइझ येत असेल आणि ती परक्या हाती जाणार असेल, तर मी फॉरमॅटवर न थांबता हेच करतो.

साटा ड्राइव्हची गोष्ट थोडी किचकट. तिथे साधन 'एचडीपार्म'. उणे मोठा आय लावून माहिती मागा आणि खालचा सिक्युरिटी विभाग वाचा. तिथे 'फ्रोझन' असा एकटा शब्द दिसला तर ड्राइव्ह गोठलेली आहे. 'नॉट फ्रोझन' दिसलं तर मार्ग मोकळा. बरेचसे बायोस बूट होताना मुद्दाम ड्राइव्ह गोठवतात, कोणा घातक प्रोग्रॅमने तिला परस्पर पासवर्ड लावू नये म्हणून. उपाय सोपा आहे: मशीन स्लीपमध्ये टाका, दहा-पंधरा सेकंदांनी जागं करा आणि परत बघा. बहुतेकदा ड्राइव्ह मोकळी झालेली असते.

मग आधी तात्पुरता पासवर्ड लावायचा आणि लगेच तोच पासवर्ड देऊन इरेजचा आदेश द्यायचा. हा पासवर्ड एका अक्षराचा ठेवा आणि कागदावर लिहा. पुसणं पूर्ण झालं की तो आपोआप निघून जातो, पण मध्येच वीज गेली तर ड्राइव्ह कुलूपबंद राहते आणि तो आठवला नाही तर ती निरुपयोगी होऊ शकते. त्याच सिक्युरिटी विभागात पुसायला किती मिनिटं लागतील याचा अंदाजही दिलेला असतो. एन्हान्स्ड इरेज (त्याच आदेशाचा अधिक कडक प्रकार) दिसत असेल तर ते घ्या.

मॅकवर, टी२ नावाची अॅपलची सुरक्षा चिप किंवा अॅपलचा स्वतःचा प्रोसेसर असेल तर, साठवण कायमच एन्क्रिप्टेड असते. २०२१ च्या मॉन्टेरे या मॅकओएसच्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्ये 'सगळा मजकूर आणि सेटिंग्ज पुसा' असा पर्याय आहे. तो किल्ली नष्ट करतो, वेगळं काही करायला नको.

आदेश चालतच नसेल तर

काही स्वस्त किंवा जुन्या ड्राइव्ह यातलं काहीच जाणत नाहीत. अशा वेळी अख्ख्या ड्राइव्हवर बिटलॉकर किंवा लक्स हे लिनक्सचं एन्क्रिप्शन लावा. बिटलॉकर विचारतो की फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू की पूर्ण ड्राइव्ह. पूर्णच निवडा, नाहीतर मोकळ्या दिसणाऱ्या जागेतला जुना डेटा उघडाच राहतो. लक्सच्या बाबतीत आतली जागा एकदा पूर्ण भरून काढा. मग पार्टिशनं उडवा आणि सगळ्या ड्राइव्हला ट्रिम द्या. राखीव जागेत थोडं जुनं उरण्याची शक्यता शून्य होत नाही, पण सामान्य वापराच्या ड्राइव्हसाठी हे समाधानकारक आहे. वैद्यकीय कागद, लोकांची माहिती, पैशांचे व्यवहार असं काही त्यावर असेल, तर ती ड्राइव्ह विकूच नका. उघडा आणि प्रत्येक चिप फोडा.

ड्राइव्हच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनवर डोळे झाकून विसंबू नये, याला कारण आहे. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही नामांकित ड्राइव्हवर दाखवून दिलं की पासवर्ड आणि किल्ली यांची आतली बांधणीच कच्ची होती. त्यानंतर बिटलॉकरने ड्राइव्हच्या हार्डवेअरवर आपसूक भरवसा ठेवणं थांबवलं. म्हणून सोय असेल तिथे मी क्रिप्टो इरेजच्या जोडीला ब्लॉक इरेजही करतो. वेळ फारसा जात नाही.

पडताळणी

लाइव्ह लिनक्समध्ये 'हेक्सडंप' (ड्राइव्हवरचा कच्चा मजकूर छापणारा आदेश) उणे मोठा सी लावून ड्राइव्हवर चालवा. सगळीकडे शून्य असेल तर तो एक ओळ छापतो, खाली फक्त एक तारा टाकतो आणि वाचत राहतो. मध्येच अक्षरं दिसू लागली तर पुसणं झालेलं नाही. क्रिप्टो इरेजनंतर काही ड्राइव्ह शून्याऐवजी निरर्थक आकडे दाखवतात. तिथे ओळखू येणारे शब्द किंवा जुन्या पार्टिशनच्या खुणा उरल्या नाहीत ना, ते बघा. सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन भाग तरी वाचा. चिपांच्या आतलं यातून कळत नाही, पण 'झालं' म्हणून काहीच न करणारी ड्राइव्ह इथे पकडली जाते.

आता नवी सिस्टीम

बायोसमध्ये यूईएफआय मोड (बूट करण्याची नवी पद्धत) चालू असू द्या, म्हणजे ड्राइव्हवरचा पार्टिशनचा तक्ता जीपीटी या नव्या पद्धतीने मांडला जाईल. विंडोज ११ ला ते लागतंच, टीपीएम २.० या सुरक्षा चिपेसकट. इन्स्टॉलरला ड्राइव्ह दिसलीच नाही तर 'पुसताना मेली' असं समजू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत ड्राइव्हची जोडणी सांभाळणारी व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये बऱ्याचदा तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन पेनड्राइव्हवर टाका आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. ड्राइव्ह यादीत येते.

सिस्टीम चढल्यावर एक शेवटची तपासणी. विंडोजमध्ये अॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'एफएसयूटिल बिहेव्हियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय' विचारा. उत्तर ० आलं तर ट्रिम चालू आहे. लिनक्समध्ये 'एफएसट्रिम डॉट टायमर' सक्रिय आहे का ते पाहा. उबुंटूत तो आधीपासून चालू असतो आणि आठवड्यातून एकदा धावतो.